जोडाखालची पानं

माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या रोपवाटिकेत सगळ्यांना माहीत. त्यामुळे दादा जेव्हा म्हणाला की शेवग्याचं कलम कुठल्याही खुंटावर बांध, पानातलं लोह काही बदलत नाही, तेव्हा मी त्याला सोडलं नाही. खुंट म्हणजे खालचं मुळाचं रोप. मूळ जमिनीतून काय ओढतं त्यावर पान ठरतं, हा माझा हेका. त्यापायी सहा वर्षं मी जंगली शेवग्याचे खुंट वाढवत होते. शेवटी एकाच चांगल्या झाडाच्या काड्या दोन ओळींत बांधल्या. माझी ओळ जंगली खुंटावर, त्याची नेहमीच्या. जिच्या पानांत लोह कमी, ती ओळ उपटायची असं ठरलं.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. माझ्या ओळीत लोह जवळजवळ दीडपट! वहिनी म्हणाली, आता हिच्याशी बोलायची सोय राहिली नाही. दादानं आपली ओळ उपटायला दुसऱ्या दिवशीची माणसं सांगितली.

संध्याकाळी पाणी देताना मी माझ्या ओळीतलं एक पान सहज चघळलं. कडूजहर. वाकून पाहिलं, तर फांदी जोडाच्या खालून फुटलेली, म्हणजे खुंटाचीच. तसल्या फांद्या रोपारोपाला, आणि सगळ्यांची पानं खुडलेली. प्रयोगशाळेला पाठवलेला नमुना मीच खुडला होता, घाईघाईत, हाताला येईल तो. खालचे फुटवे आधी काढा, हे मी नव्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवते. म्हणजे अहवालातलं लोह जंगली खुंटाच्या पानांचं, कलमाचं नव्हेच.

मी तशीच दादाकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"बोलली नसतीस तर मला कळलंही नसतं," तो म्हणाला.

"मला कळलं होतं ना."

फुटवे काढले. नवी पानं आल्यावर दोघांनी मिळून जोडाच्या वरची खुडली आणि प्रयोगशाळेत पाठवली. या वेळी दादाची ओळ वरचढ ठरली, आणि थोडीथोडकी नाही. तो म्हणाला, राहू दे तुझी एक वर्ष. मी नाही म्हटलं आणि स्वतः कुदळ घेतली. मुळं खोल गेली होती. रडू आलं, खोटं कशाला बोलू.

दादा दुसरी कुदळ घेऊन शेजारी आला. निम्मी ओळ झाल्यावर मी त्याला सांगितलं, खुंटानं पान बदलतं हे तर दिसलं, माझा खुंटच चुकला; मला दुसऱ्या जातीच्या खुंटाचं बी हवंय.

त्यानं घाम पुसला. "किती रोपांचं?"