लेव्हलमधला बुडबुडा

खारबाव रस्त्याला ज्यांनी ज्यांनी गोडाऊनवाल्यांना जमिनी दिल्या, त्यांच्या दारात मोठ्या गाड्या आल्या. केसरीनाथच्या दारात लेथ आली, लोखंड कातायचं यंत्र. तीही जुनी, निजामपुऱ्यातल्या बंद पडलेल्या वर्कशॉपमधली, अंगभर गंज चढलेली. दारातून आत जाईना म्हणून नव्या बंगल्याच्या ओटीची सागवानी चौकट उखडावी लागली. गावाला आठवडाभर पुरेल एवढं हसू झालं, आणि गावाचं फार चुकलं असंही नाही. लोक ओटीवर झोपाळा टांगतात. या बाबाने तिथे दीड टन लोखंड आणून बसवलं.

पण केसरीनाथला झोपाळ्यावर बसवत नव्हतं, हीच तर सगळी भानगड होती. चौतीस वर्षं तो याच लेथवर टर्नर होता. यंत्रमागांचे रोलर आणि शाफ्ट कापायचा, आणि ते जागेवर बिनबोभाट बसायचे. वर्कशॉपचे मालक इस्माईलभाई गिऱ्हाइकाला सांगायचे, "केसरी का काम है, नापने की ज़रूरत नहीं." पुढे माग भंगारात निघाले, तसं वर्कशॉपही बंद झालं. जमिनीच्या पैशांत घरात सगळं आलं, फक्त केसरीनाथला काही विचारायला कोणी येईना. आपल्यावाचून कोणाचं काही अडत नाही हे साठाव्या वर्षी कळलं, की माणूस सकाळी उठतो कशाला असं त्याचं त्यालाच वाटायला लागतं. त्याला तसं वाटायला लागलं होतं.

त्याचा मुलगा भावेश गोडाऊनांना हमाल पुरवायचा. पोरगा वाईट नव्हता. त्याने लेथभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बाबा, गणपतीपरयंत ठेव. तवर एक ऑर्डर पास करून दाखव. न्हाय झाली तर भंगारवाल्याला बोलावतो. मखर कुठं बांधू मी, तूच सांग."

घरचा गणपती चार पिढ्या ओटीवरच बसतो, तेव्हा यात उद्धट असं काही नव्हतं. केसरीनाथ बरं म्हणाला. चौतीस वर्षांत ज्याचा एकही जॉब परत आला नाही, त्याला एक ऑर्डर ती काय!

वैशाखभर तो घामाने आणि रॉकेलने थबथबलेला असायचा. गंज खरवडला. बेअरिंग बदलली. एका गिअरचे दोन दात गेले होते, ते पितळ भरून घेतले आणि कानशीने घासून घासून आकाराला आणले. घरगुती लाइनवर चालेल अशी मोटर बसवली. त्याची बायको कमळा जेवणाचं ताट मशीनच्या ट्रेमध्ये ठेवायची आणि म्हणायची, "जेवा आता. तुमची बायको काय पलून जात न्हाय." कोणत्या बायकोबद्दल बोलते आहे, हे ती सांगायची नाही.

राहिलं ते मशीन बसवणं. ऐकणाऱ्याला वाटेल, त्यात काय, चार पाय टेकवले की झालं. तसं नसतं. लेथच्या बेडला, म्हणजे तळातल्या लांब लोखंडी बैठकीला, केसभर पीळ पडला, तरी ती सरळ सळई एका टोकाला जाड आणि एका टोकाला बारीक कापते. त्यासाठी इस्माईलभाईंनी आपली जुनी लेव्हल फडक्यात गुंडाळून दिली होती. वीतभर लोखंडी पट्टी, तिच्यात काचेची नळी आणि नळीत बुडबुडा. बेड सपाट असला की बुडबुडा मधोमध थांबतो.

केसरीनाथने पायांखाली पत्र्याचे पातळ तुकडे सारले, बोल्ट आवळले आणि संध्याकाळी बुडबुडा मधोमध आणला. दोन दिवसांनी पाहतो तर तो डावीकडे सरकलेला. पुन्हा आणला, पुन्हा सरकला. टाइल दबत असेल म्हणून त्याने ओटीच्या चकचकीत टाइल्स फोडल्या, दोन फूट खणलं आणि काँक्रीटचा चौथरा ओतला. भावेश दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. चौथरा सुकल्यावर मशीन त्यावर चढवली, लावली, आणि पहिली सळई कापून दोन्ही टोकांना मापली. फरक शून्य. केसरीनाथने ती सळई कमळाच्या हातात दिली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती बराच वेळ हातात धरून बसली.

त्याच जोरावर तो निजामपुऱ्यात गेला आणि अजून चाळीस माग चालवणाऱ्या एका शेटकडून चोवीस रोलरची ऑर्डर घेऊन आला. पहिले बारा चार दिवसांत झाले आणि पास झाले. दुसरे बारा पुढच्या आठवड्यात पोचवले. ते परत आले.

रिक्षावाल्याने पोतं ओटीवर टाकलं. आत चिठ्ठी होती: "माल टेपर है." केसरीनाथने एकेक रोलर मापला. बाराच्या बारा निमुळते. चिठ्ठीत शिवी असती तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि कमळानेही आग्रह केला नाही.

चूक मशीनची असेल तर सापडली पाहिजे. म्हणून वर्कशॉपच्या शिस्तीने तो रोज सकाळी लेव्हल ठेवायचा आणि बुडबुडा कुठे आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडायचा. डावीकडे असला तर डावी रेघ, मध्ये असला तर टिंब. आषाढाचं अख्खं पान भरलं. दूधवाल्याचा खाडा लिहायला कमळा कॅलेंडरपाशी गेली आणि तिथेच थांबली.

"आवो," ती म्हणाली, "ह्ये तुमी भरतीचं कशाला लिवलंय?"

"कसली भरती? मशीनचं हाय त्ये."

"मंग मशीनला खाडी कशी कलते? ह्ये बघा. पुनवंला डावीकडं. अष्टमीला मदी. आमुशाला परत डावीकडं. उधानाला सरकतंय आनि भांगेला जाग्यावर येतंय. मी लगनाआधी चिंबोऱ्या धरायला जायची तवा ह्याच दिसांवर जायची." अष्टमीच्या सुमाराला खाडीचं पाणी फार चढत-उतरत नाही, त्या दिवसांना खाडीकाठी भांग म्हणतात. हे केसरीनाथला जन्मापासून ठाऊक होतं. चौतीस वर्षं तो टर्नर होता, पण त्याआधी तो खाडीकाठच्या घरातला होता, आणि हे त्याच्या डोळ्यांना दिसायला हवं होतं. दिसलं नाही, याची त्याला शरम वाटली.

पुढचं त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. रस्त्याला लागून त्याची वरची जागा होती, दगडासारखी घट्ट. त्याच्या बापाचं, लडकूचं, भाताचं खळं तिथे होतं. खाली खाडीला लागून खारजमीन होती. गोडाऊनवाल्याला रस्त्याची जागा हवी होती, तिला भाव होता, ती दिली. खाली खाडीचं पाणी आत-बाहेर करणारी उघाडी होती, तिचा नाला केसरीनाथनेच बुजवला. वर, पाडलेल्या चाळींचा राडारोडा ओतला आणि त्यावर दुमजली सोय ठेवून बंगला बांधला. पुढच्या मजल्याच्या सळया अजून गच्चीवर उभ्या आहेत. यात त्याने जगावेगळं काही केलं नाही. चांगलं ते विकायचं आणि उरलेल्यावर बंगला बांधायचा, ही आमच्याकडची आताची रीतच आहे. लडकू म्हातारा अंथरुणावरून सांगायचा, "खाडीचं हाय त्ये खाडीला ऱ्हाऊ दे." म्हाताऱ्यांचं ऐकायला तेव्हा कोणाला वेळ होता?

लेथचा उजवा पाय बरोबर त्या बुजवलेल्या नाल्यावर होता. उधाणाला तो केसभर खचला की बुडबुडा डावीकडे, वर राहिलेल्या बाजूला, जायचा.

त्याने रात्री जेवताना भावेशला सांगितलं. भावेशने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, मशीन जुनी हाय म्हनून सांग ना. जमिनीला कशाला नाव ठेवतंस? एवढा बंगला हलतोय आनि आम्हाला कुनाला कलत न्हाय?"

मशीन उचलून दुसरीकडे न्यायची, तर कुठे? त्याने निजामपुऱ्यातल्या तीन वर्कशॉपांत विचारलं. जागा कोणाकडे नव्हती, आणि कम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनींपुढे ही फुकटही कोणाला नको होती. मार्ग काढला तो कमळानेच. "पंधरवड्यातून चार दिस मशीन सरल चालते ना? मंग चारच दिस चालवा. आमी न्हाय का खाडीला बघून कामं करत?" केसरीनाथ कित्येक दिवसांनी हसला. लेथवर काम करायला तिथी बघायची, हे इस्माईलभाईंना सांगितलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. पण त्याने तेच केलं. श्रावणातल्या पहिल्या भांगेला, हाताशी लोखंड तेवढंच होतं म्हणून, सहा रोलर नव्याने कापले. सहाही सरळ. उरलेले सहा पुढच्या भांगेला व्हायचे होते, आणि ती गणपतीच्या आत येत होती.

मध्ये नारळी पुनव आली. सगळा गाव वाजतगाजत खाडीवर गेला. केसरीनाथही सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेऊन गेला. दरवर्षी तो घरच्यांसाठी मागायचा. या वर्षी गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याने सहा रोलर मागितले. एवढ्या मोठ्या खाडीकडे एवढंसं मागताना त्याला संकोच वाटला, पण मागितले.

घरी येऊन लेव्हल ठेवली. बुडबुडा डावीकडे टोकाला जाऊन चिकटला होता. चौथऱ्याला कोपऱ्यातून एक बारीक भेग गेली होती. तो दिवस मोजत बसला. अष्टमी आली, भांग लागली, पाणी उतरलं. बुडबुडा हलला नाही. पत्रे सारून सरळ करावं तर बोल्ट आवळता आवळताच पाय खाली जायचा. चार दिवस त्याने जिवाचं रान केलं. हातांना फोड आले. चौथ्या दिवशी कमळा त्याच्याजवळ येऊन जमिनीवर बसली आणि तिने त्याच्या हातातला पाना काढून घेतला. त्याने दिला.

आमुशेच्या सकाळी, ऐन उधाणाच्या वेळी, तो लेव्हल काखेत मारून वरच्या गोडाऊनवर गेला. गेटवर दामू होता. दोघे एकाच शाळेतले. दामूनेही जमीन दिली होती आणि त्या जमिनीबरोबर वॉचमनची नोकरी मिळवली होती.

"काय रं केसरी, काय हाय त्ये?"

"जरा आत येऊ दे. एक माप घेतो."

दामूने छोटं दार उघडलं. आत छतापर्यंत खोके रचले होते. केसरीनाथला खळ्याची जागा शोधायला खुणा नव्हत्या, पण पावलं मोजत तो बरोबर जागी गेला. तिथे पिवळ्या पट्ट्यांच्या आत एक रिकामा कोपरा होता. त्याने फडक्याने फरशी पुसली आणि लेव्हल ठेवली. बुडबुडा एकदा थरथरला आणि मधोमध थांबला. त्याने पट्टी उलटी फिरवून ठेवली. मधोमध. आडवी ठेवली, तरी मधोमध. तो तिथेच उकिडवा बसून राहिला. खाली खाडीला भरती लागली होती आणि इथे काही हलत नव्हतं.

"दामू, ह्या कोपऱ्यात येक मशीन ठेवली तर?"

दामूने त्याच्याकडे पाहिलं. "मना इचारतंस? मी ही खुर्ची उनातून सावलीत घेतली तरी सुपरवायजरला सांगाया लागतं."

केसरीनाथने लेव्हल फडक्यात गुंडाळली. ज्या दारातून आत आला, त्याच दारातून सही करून बाहेर पडला.

टेम्पो दुसऱ्या दिवशी आला. भंगारवाला अदबीने वागणारा माणूस होता. केसरीनाथ त्याला एवढंच म्हणाला, "साबूत ले जाओ. तोड़ना मत." तो म्हणाला, "चाचा, बीड का लोहा है, तोड़े बिना गलेगा कैसे?" आणि तुकडे उचलता यावेत म्हणून त्याच्या माणसांनी बेडवर तिथेच घण घातला. चौकट पुन्हा काढावी लागली नाही. भावेशने वडिलांना आत चहाला बोलावलं होतं. त्याला ते बघवत नव्हतं, हे दिसत होतं. पण केसरीनाथ शेवटचा तुकडा जाईपर्यंत ओटीवरच उभा राहिला.

चतुर्थीला गणपती त्याच चौथऱ्यावर बसला. भेगेवर गालिचा अंथरला होता. लेव्हल तेवढी घरात राहिली होती. केसरीनाथने ती मखराच्या कडेला, समईमागे ठेवली होती. घर पाव्हण्यांनी भरलं होतं. भावेश मोदकाचं ताट फिरवत सगळ्यांना सांगत होता, "पुढच्या वर्षी वरचा मजला चढवायचा. काँट्रॅक्टर ठरलाय. दिवाळीनंतर काम चालू."

केसरीनाथ पुढे झाला. "भावेश, मना जरा बोलायचंय."

"आरती झाल्यावर बाबा."

कमळा नवऱ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिने समईमागच्या लेव्हलकडे पाहिलं. बुडबुडा डाव्या टोकाला होता. तिला आता तो बुडबुडा वाचता येत होता. "मजल्याचं वजन आनि कुठं घालनार हा?" ती हळूच म्हणाली.

कोणीतरी केसरीनाथच्या हातात झांजा दिल्या, आणि आरती सुरू झाली म्हणून तो त्या वाजवू लागला.