शिवम्मानं ओतलेलं पाणी

फादर मिनेझिस सोलापूरहून येणार म्हटल्यावर वनमालेनं खोली सारवायला घेतली, आणि इकडं शिवम्माला धास्ती पडली. नवऱ्यामागं एकटीनं शेती राखलेली, भावकीतल्या पुरुषांना भर चावडीत गप्प बसवणारी ही बाई. तिनं पांढऱ्या झग्यातल्या पाहुण्याला का भ्यावं? पण भ्याली होती खरी. तिनं एक गोष्ट केली होती आणि त्यातली निम्मीच सांगितली होती.

शिवम्माचं घर जळकोटला, हैदराबादकडं जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेला. अंगणापलीकडची खोली तिनं अंतोनला भाड्यानं दिली होती. अंतोन सडकेच्या कामावर मुकादम, नगरकडचा, घरात तो आणि बायको वनमाला. दोघं कॅथलिक. लिंगायत बाईनं किरिस्तावाला जागा दिली म्हणून गाव कुजबुजलं. "खोली माझी, पोट तुमचं का दुखतंय?" असं शिवम्मानं विचारल्यावर कुजबूज थांबली, निदान तिच्या तोंडावर तरी. अट एकच होती, अंगणात मांसमच्छी शिजवायची नाही. वनमालेनं ती इमानानं पाळली. शिवम्माला ती अव्वा म्हणायची, कानडीत आईला म्हणतात तसं. शिवम्माही तिला लेकीसारखी रागवायची. पण त्या खोलीतलं पाणी मात्र शिवम्मा कधी प्यायली नाही. माया माया असते आणि सोवळं सोवळं असतं, असा तिचा हिशेब होता.

वनमालेचे दिवस भरत आले तेव्हा अंतोन नळदुर्गाच्या बाजूला कामाच्या छावणीवर होता. एका सकाळी भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता ती म्हणाली, "अव्वा, माझं काही बरंवाईट झालं अन लेकरू हातचं जायला लागलं, तर तुमीच त्याच्या डोक्यावर पाणी घाला. मी सांगते ती वाक्यं म्हना."

"म्या? मी लिंगवंत बाई. माझ्या हातचं तुमच्या देवाला चालतंय व्हय?"

"चालतं. सिस्टरनी शिकवलंय आमाला. जीव जायची वेळ असंल अन फादर नसंल, तर कुनीबी बाप्तिस्मा देऊ शकतं. मनापासून दिला पाहिजे."

असला धर्म शिवम्मानं पाहिला नव्हता. त्यांच्यात लेकरू जन्मलं की अय्यानं, म्हणजे जंगमानं यावं, विभूती लावावी, लिंग बांधावं. अय्या नसेल तर थांबावं. पण वनमालेची भीती तिला लगेच उमगली. संस्काराआधी लेकरू गेलं तर आईच्या काळजात काय रुतून बसतं, ते शिवम्माला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं ती वाक्यं पाठ केली.

आणि वेळ आलीच. भर दुपारी वनमाला अडली. सिताबाई सुईण तिचं रक्त थांबवण्यात गुंतली. मुलगा जन्मला तो काळानिळा. सिताबाईनं तो शिवम्माच्या ओटीत दिला आणि नुसती मान हलवली. शिवम्मानं तांब्या उचलला, त्या एवढ्याशा डोक्यावर धार धरली आणि शिकवलेलं सगळं म्हटलं. नाव योसेफ ठेवायचं, तेही विसरली नाही. लेकरू अजून धापत होतं. मग तिचा हात कुणी न सांगता कमरेला खोचलेल्या विभूतीच्या पुडीकडं गेला. तिनं त्याच्या कपाळाला बोट ओढलं आणि कानात शिवाचं नाव सांगितलं. थोड्या वेळानं त्याची छाती हलायची थांबली.

वनमाला वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "अव्वा, पाणी?"

"घातलं."

त्या एका शब्दावर वनमालेनं पुढचे दिवस काढले. रडायची, पण रडून झाल्यावर म्हणायची, माझं लेकरू देवाजवळ हाय. ती असं म्हणाली की शिवम्मा काहीतरी निमित्त काढून उठायची. आपल्या विभूतीनं ते पाणी बाटलं तर नसेल? घोटभर दुधात चिमूटभर मीठ पडलं तरी दूध नासतं. आणि हे तर देवाचं काम.

अशात फादर आले. एस.टी.तून उतरले तेव्हा झगा धुळीनं तांबडा झाला होता. मध्यम वयाचे, टक्कल पडलेले, बोलायला सावकाश. ओट्यावर घोंगडं टाकलं, त्यावर ते बसले. अंतोन खांबाला टेकून उभा राहिला, वनमाला दारात बसली. फादरनी शिवम्माला बोलावलं. वनमालेचं ऐकून तेही तिला अव्वाच म्हणू लागले.

"अव्वा, तुम्ही पाणी घातलं तेव्हा लेकरू जिवंत होतं?"

"व्हय. धापत हुतं."

"पाणी कसलं?"

"हिरीचं. डोक्यावरनं वाहिलं, माझं लुगडं भिजलं."

"काय म्हणालात?"

शिवम्मानं म्हणून दाखवलं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, काही सुटलं नाही. फादरनी समाधानानं मान डोलावली. अंतोननं सुस्कारा सोडला. झालं, आता उठून घरी गेलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. शिवम्मा उठलीही. पण पायरीवरूनच परत फिरली. खोटं पचवायची तिला सवय नव्हती.

"अजून एक हाय," ती म्हणाली. "त्याच्यामागनं म्या त्याला विभूती लावली. कानात शिवाचं नाव घेतलं. हिला सांगितलं न्हाय."

वनमालेचा चेहरा पांढराफटक पडला. फादर खाली बघत बसले, आणि शिवम्माला वाटलं, आता हा माणूस तोंड उघडेल आणि या पोरीचं लेकरू दुसऱ्यांदा मरेल.

"आधी काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"पाणी. हिनं सांगितलेलं आधी. माझं मागनं."

"आणि पाणी घालताना तुमच्या मनात काय होतं?"

"काय असनार? हिच्या मनात जे हाय ते व्हावं, येवढंच."

"मग बाप्तिस्मा झाला," फादर म्हणाले. ते शिवम्माकडं नाही, वनमालेकडं बघत होते. "तो अपुरा नाही, आणि आता कुणाला पुसताही येत नाही. उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारी मीही तुझ्या कपाळाला राख लावतो, वनमाला. यांची विभूती आणि आपली राख एकच, असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या लेकराचं तिनं काही बिघडवलं नाही."

वनमालेनं शिवम्माकडं मान वळवली. "अव्वा, मला का न्हाय सांगितलं?"

"भ्याले."

वनमाला आत गेली आणि चहा करून आणला. फादरना दिला, अंतोनला दिला. मग रोजच्या सवयीनं ती शिवम्माला वगळून मागं फिरणार, तेवढ्यात शिवम्मानं हात पुढं केला. त्या घरचा तिनं घेतलेला तो पहिला चहा. साखर जास्त झाली होती, पण ती काही बोलली नाही. हे नवलच म्हणायचं.

उन्हं उतरल्यावर सगळे योसेफला पुरलं होतं तिथं, शिवम्माच्या शेतात गेले. गावात किरिस्तावांना पुरायला जागा नव्हती, तेव्हा शिवम्मानंच बांधावरच्या बोरीखालचा कोपरा दिला होता. लिंगायत आपली माणसं आपल्याच रानात ठेवतात, त्यामुळं तिला त्यात वावगं वाटलं नाही. अंतोननं बाभळीच्या दोन काड्या बांधून क्रूस रोवला होता. त्याच्याशेजारी हातभर अंतरावर चुना लावलेला एक गोटा होता. फादरनी पुस्तक उघडून प्रार्थना म्हटली. "योसेफसाठी काही मागावं लागत नाही," ते वनमालेला म्हणाले. "तो पोचला." मग त्यांनी बाटलीतलं पवित्र पाणी क्रूसाभोवती शिंपडलं. शिवम्मा बघत होती. पाणी गोट्यापर्यंत आलं नाही.

परतताना फादर मागं रेंगाळले. "तो गोटा कुणाचा, अव्वा?"

"माझ्या लेकीचा. पैली लेक. तवा निजामाचं राज्य हुतं. अय्या अक्कलकोटला लग्नाला गेलता. तो यायच्या आत गेली. ना लिंग बांधलं, ना कुनी पानी घातलं." ती थांबली. "फादर, तुमाला एक इचारते. ती कुठं गेली?"

फादरना उत्तर पाठ होतं. ते त्यांनी शिकवलंही होतं. पण या बाईला सांगताना फादर गोट्याकडं बघत होते.

"आमच्या पुस्तकांत अशा लेकरांसाठी एक जागा सांगितली आहे. तिथं दुःख नाही. पण देवाचं तोंड दिसत नाही, असं म्हणतात."

"अन आई? आई भेटती का तिथं?"

"ते लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं ऱ्हाऊ द्या. तुमाला काय वाटतं?"

"मला माहीत नाही, अव्वा."

शिवम्माला राग आला. एवढं शिकायचं, एवढा झगा घालायचा, आणि माहीत नाही म्हणायचं. पण हा माणूस थापा मारत नव्हता, एवढं तिला कळलं.

"नाव काय तिचं?" फादरनी विचारलं.

"बारसंच न्हाय झालं, नाव कुठलं?" असं म्हणून ती चार पावलं पुढं गेली. मग मागं न बघता म्हणाली, "म्या मनात ठेवलं हुतं. जगदेवी."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत मिस्सा, म्हणजे फादरनी करायची उपासना झाली. अंतोनच्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढरं कापड, दोन मेणबत्त्या, मध्ये प्याला. फादर ट्रंकेकडं तोंड करून लॅटिनमध्ये पुटपुटत होते. शिवम्मा उंबऱ्याबाहेर बसली होती. उठायचं होतं, गुरांना वैरण घालायची होती, पण वनमालेनं बसा म्हटलं म्हणून बसली. एक अक्षर कळत नव्हतं. मधे वनमालेनं तिला हळूच सांगितलं, "आता फादर गेलेल्या मानसांची आठवन करनार. नावं मनातच घेत्यात."

फादरनी हात जोडले आणि डोळे मिटले. खोली गप्प झाली. वनमालेनं मान खाली घातली. आणि त्या गप्पपणात, न कळणाऱ्या त्या सगळ्या बोलण्यानंतर, एक नाव मोठ्यानं ऐकू आलं.

"जगदेवी."

आणखी नाव नाही. फादर पुन्हा पुटपुटू लागले.

शिवम्मा जागची हलली नाही. तिच्या लेकीचं नाव आजवर तिच्या स्वतःशिवाय कुणी घेतलं नव्हतं. तिनंही मोठ्यानं घेतलं ते काल संध्याकाळी, एकदाच. वनमालेनं वळून बघितलं, तर अव्वा उंबऱ्याबाहेर पदर तोंडात कोंबून रडत होती, आणि रस्त्यानं जाणारी माणसं बघत होती तरी तिला त्यांची फिकीर नव्हती.