दारातल्या चपला

"थांबा, आत येऊ नका," संयोगिता म्हणाली आणि तिची तीच दचकली. चार वर्षांनी तुरुंगातून रजेवर आलेला नवरा दारात उभा, आणि तोंडातून पहिलं वाक्य हे!

सासूला, धोंडुबाईंना, त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या भाकरतुकडा घेऊन ओवाळायलाच आल्या होत्या. बूट काढून जयराज उभा राहिला. एके काळी दार भरून टाकणारा माणूस आता चौकटीत निम्मासुद्धा दिसत नव्हता.

तिला तो परकाच वाटला. तिच्या सवयीचा जयराज वेगळा होता. माधवनगरच्या या घरात दोन बायका एकट्या राहतात हे कुणाला कळू नये म्हणून धोंडुबाई त्याचा शर्ट धुऊन दोरीवर टाकायच्या. संयोगिता यंत्रमागावरून दुपारी परतायची तेव्हा वाऱ्यानं शर्टाची छाती भरलेली असायची, बाह्या हलत असायच्या. दारातल्या त्याच्या चपला सकाळी रस्त्याकडं तोंड करून, संध्याकाळी घराकडं. अंगणात त्यांचे ठसे. सासूबाईच त्या घालून फिरतात हे माहीत असूनही तिच्या अंगावर काटा यायचा.

ओवाळून झालं. जयराजनं हसून मनगट पुढं केलं. "बघ की. तुजंच नाव हाय."

हिरवट, वाकडी अक्षरं. तिला आधी भरून आलं, मग गोंदणाऱ्याची सुई डोळ्यांपुढं आली.

"कुनी गोंदलं?"

"बराकीतल्यानंच. एकच सुई हुती, समद्यांला तीच."

दवाखान्यातल्या सोनम सिस्टरनं नेमकं हेच विचारायला सांगितलं होतं. एचआयव्हीची तपासणी आल्या आल्या, तीन महिन्यांनी परत, आणि तोवर निरोध. दिलेली पाकिटं साड्यांखाली ठेवली होती.

"आदी दवाखान्यात चला. माजी तपासणी मी केलीया. चांगली हाय. तशीच ऱ्हायला पायजे."

"संशय घेतीस व्हय माज्यावर?"

"तुमच्यावर न्हाई वो. त्या सुईवर."

त्याचा चेहरा उतरला. "पंधरा दिस मिळालं, तर बायकू दारात अडवती. जातो परत."

त्याच्या गळ्यात पडून रडावं असं तिला फार वाटलं. ती उंबऱ्यातून हलली नाही. त्याच्या मागं दोरीवरचा शर्ट फुगला होता. घरचा माणूस तो आणि हा कुणी पाहुणा, असं तिला क्षणभर वाटून गेलं.

नातवाची आस लावून बसलेल्या धोंडुबाई आता आपल्यावरच तुटून पडणार, असं तिनं गृहीत धरलं होतं. पण त्या वाकल्या. दारातल्या चपला उचलून त्यांनी रस्त्याकडं तोंड करून लेकापुढं ठेवल्या.

"घाल. जाऊन या दोगं. शर्ट आज मी काडून ठिवते."

जयराजनं पाय घातले. चपलांत आईच्या लहान पावलांचे खळगे पडले होते. त्याची टाच नीट बसेना. तसाच तो संयोगितासोबत फाटकाकडं निघाला, दुसऱ्या हातानं मनगटावरचं तिचं नाव झाकून.