पाळत: हो

अंबडच्या त्या कारखान्यातला हजेरीचा प्रोग्रॅम महेश कडलगांनी लिहिला होता आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. प्रोग्रॅमच्या मुळाशी ‘कामगार’ नावाचा क्लास होता. क्लास म्हणजे साचा. खाली प्रेसशॉपमध्ये एका डायमधून जसे वॉशर पडतात, तशी या साच्यातून कारखान्यातली झाडून सगळी माणसं पडत. प्रत्येकाला नाव, खातं, पाळी. माणसाला त्यापलीकडे काही असू शकतं, असं कडलगांना कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवारी पाळ्या बदलताना त्यांनी सहज स्वतःची नोंद उघडली. नाव: महेश कडलग. खातं: संगणक. पाळी: सकाळ. पाळत: हो.

शेवटची ओळ त्यांची नव्हती.

त्यांनी क्लासची फाइल तपासली. स्वल्पविरामसुद्धा हललेला नव्हता. म्हणजे साचा न उघडता कुणीतरी बाहेरून त्यांच्या नोंदीला हे जास्तीचं शेपूट जोडलं होतं. असं करता येतं हे कडलगांना ठाऊक होतं. सभ्य माणसं करत नाहीत, एवढंच.

संगणक खात्यात माणसं दोन. त्यातले एक ते स्वतः, त्यामुळे संशयाला फार फिरावं लागलं नाही. दुसरी स्नेहल, दिवाळीनंतर लागलेली. कडलग मागून गेले की ती लॅपटॉपची स्क्रीन खाली करते, हे त्यांना आता आठवलं. मालक कारभारीशेठांनी आठवडाभरात दोनदा तब्येत विचारली होती, तेही आठवलं. शेठलोक तब्येत विचारतात ती माणूस घरी बसवण्याआधी, असं कडलगांचं निरीक्षण होतं. आणि घोटीच्या मेव्हण्याच्या भात गिरणीचा प्रोग्रॅम आपण इथेच, इथल्याच पगारी वेळेत लिहितोय, हे तर आठवावंही लागलं नाही. पन्नाशी उलटलेली, पोरगी इंजिनिअरिंगला. या वयात नोकरी गेली तर अंबडमध्ये दारात कोण उभं करणार होतं?

त्यांनी कँटीनच्या भज्यांपासून सुरुवात करून विषय पाळतीवर आणला. स्नेहलने लपवाछपवी केली नाही. शेठांना एका माणसावर लक्ष ठेवायचं होतं. तो जागेवरून उठला की कॅमेऱ्यातून कळून शेठांच्या मोबाइलवर मेसेज जाणार, सोमवारपासून.

“तुमच्या क्लासला हात लावायचा नाही असं तुम्हीच बजावलंय ना, सर? म्हणून बाहेरून जोडलं.”

“कुणाला?”

“ते सांगायचं नाही म्हणालेत शेठ,” ती म्हणाली आणि तिने स्क्रीन खाली केली.

ती चहाला गेली तसं कडलगांनी बाकीच्या नोंदी उघडल्या. गेटवरचा पुंजा, पाळत: हो. कँटीनच्या कुसाबाई, हो. खुद्द कारभारीशेठ, हो. एका खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाल्यावर शेठ भाषणात म्हणाले होते, मीसुद्धा इथला कामगारच. कडलगांनी ते मनावर घेऊन त्यांचीही नोंद केली होती.

घोळ लगेच लक्षात आला. पोरीने पाळत एका माणसाला जोडायची, ती साच्यालाच जोडली होती. साच्याला जे लागतं ते सगळ्यांना लागतं. आपण एकटेच नाही, या विचाराने कडलगांना हायसं वाटलं. ते चहा येईपर्यंतच टिकलं. दुरुस्ती एका ओळीची होती. ती केली की पाळत सगळ्यांवरून उतरणार आणि एकावर राहणार. त्या एकाचं नाव त्यांना माहीत नव्हतं.

“सर, बघितलंत का? काही चुकलंय का त्यात?” स्नेहलने कप ठेवत विचारलं.

आयुष्यात कडलगांनी कुणाची चूक सोडली नव्हती. दुसऱ्याची तर मुळीच नाही.

“छान जमलंय,” ते म्हणाले. “आता हात लावू नकोस.”

गिरणीचा प्रोग्रॅम त्यांनी त्याच संध्याकाळी पेनड्राइव्हवर घालून घरी नेला.

सोमवारी शेठांचा मोबाइल सकाळपासून तापला. कुसाबाई दूध आणायला उठल्या. पुंजा गेट उघडायला उठला. शेठांनी तेही सोसलं असतं. पण ते बाथरूममध्ये असताना मेसेज आला की कारभारीशेठ जागेवरून उठले. त्यांनी कडलगांना बोलावून दार लावून घेतलं.

“मी फक्त स्टोअरच्या गोटीरामपुरतं सांगितलं होतं,” शेठ दबक्या आवाजात म्हणाले. “माझ्यावर कुणी लावलं? आमचा थोरला हल्ली त्या पोरीशी फार बोलतो. त्याला या खुर्चीची घाई झालीय.”

कडलगांकडे उत्तर तयार होतं. पण ते दिलं तर शुक्रवारी ‘छान जमलंय’ का म्हणालात, हेही सांगावं लागणार होतं.

“शोधावं लागेल, शेठ.”

“शोधा. पण पोरीला कळता कामा नये. आणि तो खोकला दाखवा कुणाला तरी. गेल्या आठवड्यापासून विचारतोय मी.”

कडलग जागेवर येऊन बसले. शेठ काय म्हणाले ते विचारायला स्नेहल खुर्चीतून उठली, तसा आत शेठांचा मोबाइल वाजला. ती जवळ येण्याआधी कडलगांनी स्क्रीन खाली केली.