सदर गाडीचे पहिले इंजिन

वायसर होता तो. तांदूळ निवडताना खडा लागावा तसा बोटाला लागला, आणि उचलून पाहिला तर गोल, मधे भोक, कडेला तेलाची काळी रेघ... काल बोल्ट ठेवायला म्हणून गोरक्ष मिस्त्रीला तिनं हेच ताट दिलं होतं, राखेनं दोनदा घासून परत घेतलं होतं, तरी हा कुठल्या कडेला चिकटून राहिला कोण जाणे. टाकून द्यायचा तर तिनं तो चिमटीत धरला आणि उगीचच पांढऱ्या तांदळावरून ओढला. रेघ उठली. रेघेला वळण आलं, वळणाला दांडी फुटली... आणि तिचा हात थबकला.

"वहिनी, एक वायसर कमी पडतोय," अंगणातून गोरक्ष ओरडला. "तुमच्या वरणात शिजत नाही ना?"

"तांदळात आहे, भाऊजी."

"वाचलो! रंगनाथच्या पोटात गेला असता तर आज त्यालाच खोलून बसावं लागलं असतं."

रंगनाथ, तिचा नवरा, जीपखालून हसला. त्याचे नुसते पाय दिसत होते, टाचांना भेगा पडलेले, आणि हसताना अंगठे तेवढे हलले.

तीन आठवडे झाले, जीप अशी तोंड उघडून अंगणात उभी होती. देवळालीला लष्कराच्या लिलावात घेतलेली, डाव्या अंगाला स्टेअरिंग असलेली जुनी जीप. तिचं पेट्रोलचं इंजिन काढून मनमाडच्या मोडीतून आणलेलं डिझेलचं इंजिन आज रविवारी तिच्यात बसवायचं होतं. मागं भिंत, पुढं जीप, मधे हातभर वाट. गल्लीत जायचं तर अंग चोरून, पदर आवळून, भिंतीला पाठ घासत जावं लागे, आणि गेल्या गेल्या द्वारकेच्या चौकातून वळणाऱ्या ट्रकांचा आवाज कानांवर आदळे—सगळं जग तिथून कुठं कुठं जायला वळत होतं, मुंबईला, धुळ्याला, पुण्याला—आणि ती गिरणीतून दळण घेऊन पुन्हा त्याच हातभर वाटेनं आत.

...अंगठी होती ती. पंचाहत्तरच्या वैशाखात, येवल्याला, मांडवात. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरले. नवऱ्या मुलानं त्यात सोन्याच्या अंगठीनं बायकोचं सासरचं नाव लिहायचं. नाव ठरलेलं होतं, रेखा. सासूनं, म्हणजे आत्याबाईंनीच, कॅलेंडरवर पाहून ठरवलेलं. रंगनाथनं अंगठी टेकवली आणि त्याचा हात चालला, न अडखळता, वाट पायांखालची असावी तसा—त्या हातानं तांदळात आयुष्यात एकच नाव लिहिलेलं होतं, तेच त्यानं पुन्हा लिहिलं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. लंका. आदल्या वर्षी तापानं वारलेल्या पहिल्या बायकोचं नाव. मांडव असा गप्प झाला की पलीकडच्या गल्लीतले हातमागांचे खटके मोजता आले असते. ताट माझ्या मांडीवर होतं. नुसता गुडघा हलवला असता तरी तांदूळ सपाट झाले असते, कुणी काही म्हणालं नसतं, धक्का लागला म्हणाले असते... मी हलले नाही. एकोणीस वर्षांची नवरी कशी हलेल? मग आत्याबाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तिनंच लिहून घेतलं त्याच्या हातानं. आता पुसलं तर लय वाईट व्हईल."

रेखा तर कुणी झालीच नाही. आणि नवसा... नवसा येवल्यात राहिली. चार लेकरं गेल्यावर नवस बोलून झालेली म्हणून नवसा. तिची आई गोजराबाई मागांच्या खटखटीवरून ऐकू जावं म्हणून ते नाव लांब ओढायची, नवसेऽऽ, आणि तो शेवटचा 'से' गल्लीच्या टोकापर्यंत धावत यायचा. पाठवणीच्या दिवशी तिनं ओवी जोडली होती, कुणाला उद्देशून नाही, दळण आवरता आवरता—

नवसाची माझी लेक, दिली दूरच्या गावाला
कोण मारील गं हाक, तिच्या माहेरच्या नावाला

"लंके, चहा होईल का?"

"टाकते."

बघा, किती सहज. हाक आली, मान वळली. सहा वर्षांत कधीतरी ती मान आपोआप वळायला शिकली. आणि खोटं कशाला बोला, या नावानं तिला उपाशी ठेवलं नव्हतं. द्राक्षांच्या दिवसांत पिंपळगावहून येताना तो तिच्यापुरता वेगळा घड कागदात बांधून आणायचा, "लंके, हे धर." त्या पहिल्या अक्षरावर त्याचा आवाज हळू व्हायचा, खड्डा आला की तो जीप हळू करतो तसा. दोन पावसाळ्यांपूर्वी ती तापली तेव्हा तीन दिवस उशाशी बसून कपाळावरच्या घड्या बदलत होता, लंका, लंका म्हणत. ताप माझा होता. पण तो कुणाला वाचवत होता हे मी कसं विचारणार? पहिलीला दवाखान्यात नेताना हीच जीप द्वारकेच्या चौकात बंद पडली होती—दहा मिनिटं. दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता असं डॉक्टर म्हणाले होते, पण त्यानं ते कधी मानलं नाही. आत्याबाईंनी हे तिला सांगितलं, त्यानं नाही. तेव्हापासून ते इंजिन तो खोलायचा, पुसायचा, पुन्हा जोडायचा, सात वर्षं. आता काढलं तर भिंतीशी पोत्यावर ठेवून त्याच्यावर गोधडी टाकली आहे.

एवढी सगळी माया येत होती, पण कुणाच्या पत्त्यावर? पाकिटावर नाव तिचं, फोडून वाचते मी. एकदा टपालवाल्याला सांगितलं की बाबा, त्या इथं राहत नाहीत, तर उद्यापासून पत्रंच यायची नाहीत... तेव्हा? माझ्या नावानं मला कोण लिहिणार आहे?

चहा उतू गेला.

मांडणीवरच्या कागदाखाली तो फॉर्म होता. वसाहतीत नवी बालवाडी निघणार होती, मॅट्रिक झालेली बाई पाहिजे होती, आणि उद्या सोमवार, शेवटचा दिवस. दाखल्यावर नाव नवसा. रेशनकार्डावर लंका, ते कुणी कधी बदललंच नव्हतं, त्यामुळे त्या कार्डावर ती चौतीस वर्षांची होती. फॉर्म घेणारी बाई चांगली होती बिचारी. म्हणाली, "नवऱ्याकडून चार ओळी लिहून आणा, दोन्ही नावं एकाच बाईची म्हणून. सगळ्याच आणतात हो, माहेरचं एक, सासरचं एक." सगळ्याच आणतात. तिनं मान हलवली आणि घरी येताना रस्ताभर तिला वाटत राहिलं की कुणीतरी तिच्या मागून चालतंय आणि पाऊल तिच्याच पावलावर टाकतंय.

दुपारी इंजिन वर उचललं. तीन बल्ल्यांचं तिकाटणं, त्याला साखळी, साखळीला ते काळं धूड लोंबकळत होतं. आत्याबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या.

"आत्याबाई, ओटी भरता का त्याची?" गोरक्ष म्हणाला. "नवी नवरी आहे, लाजतंय बघा."

"तू गप रे. अन् त्या जुन्यालाबी लावते. रुसायला नको त्ये."

त्यांनी गोधडी बाजूला करून जुन्या इंजिनालाही बोट लावलं. रंगनाथनं तिकडं पाहिलं नाही. साखळी कड्या मोजत खाली येऊ लागली, इंजिन रिकाम्या जागेवर झुललं, टेकलं... आणि अडलं.

"अर्ध्या बोटाचा फरक आहे," गोरक्ष वाकून म्हणाला. "जागा पेट्रोलच्या इंजिनाची, हे डिझेलचं."

"मग?"

"मग काय, पहार लावून सरकवू. एकदा बसलं की बसलं. बोलणार आहे का ते?"

ती दारात उभी होती. पहार आत गेली, लोखंडावर लोखंड करकरलं, आणि तिच्या बरगड्यांत काहीतरी सरकल्यासारखं झालं. खट्. बसलं.

जेवणं झाल्यावर गोरक्षनं रॉकेलच्या बोळ्यानं इंजिनाची एक बाजू पुसली. काळ्याखालून आकडे उगवले. "वहिनी, तुम्ही लिहा. रंगनाथचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही. आरटीओला अर्ज करायचाय."

तिनं पाटीवर कागद ठेवला. गोरक्ष सांगत गेला, शाळेतल्या शुद्धलेखनासारखं, आणि ती लिहीत गेली: 'सदर गाडीचे पहिले इंजिन निकामी झाल्याने काढून टाकले असून त्या जागी दुसरे इंजिन बसविले आहे. दुसऱ्या इंजिनाचा नंबर वेगळा असल्याने पुस्तकात तशी नोंद व्हावी, ही विनंती.'

'वेगळा' या शब्दापाशी पेन अडलं. शाई होती. हातच चालेना.

"नोंद केलीच पाहिजे का, भाऊजी?"

"अहो, मग! नाक्यावर पोलिसानं बॉनेट उघडून पाहिलं तर? पुस्तकात एक, आत दुसरंच. चोरीची गाडी म्हणून धरतील."

चोरीची... तिला एकदम हसू आलं, आणि हसू येतंय हे पाहून भीती वाटली. गोरक्ष विडी ओढायला गल्लीत गेला. ती आत गेली, मांडणीवरचा कागद उचलला, फॉर्म घेऊन आली. आता नाही तर मग नाहीच.

"अहो, माझ्याही एका कागदावर सही पाहिजे."

"कसला?"

तिनं सांगितलं. बालवाडी, दाखला, रेशनकार्ड, चार ओळी. तो चिंधीला हात पुसत ऐकत होता. बालवाडीला त्याची ना नव्हतीच. उलट चेहरा उजळला. "लिही की मग. दोन्ही नावं एकाच बाईची. खरंच आहे ते."

"तसं नको लिहायला." तिचा आवाज तिलाच लांबून आला. "असं लिहू या का... पहिली बायको वारली. दुसरी नवसा. तिच्या नावाची नोंद व्हावी. जसं आत्ता इंजिनाचं..."

त्याची नजर भिंतीकडं गेली, गोधडीकडं. किती तरी वेळ चिंधी एकाच बोटावर फिरत राहिली.

"असं लिहावं लागतं का?" तो हळूच म्हणाला.

"लागत नाही. पण..."

"नाय हां," आत्याबाई जात्याजवळून म्हणाल्या. त्या ऐकतच होत्या. "माझ्या तोंडात तेवढंच हाय तिचं. रोज हाक मारते, तू ओ देतीस. तेबी पुसती का गं?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तसं काही नव्हतं त्या आवाजात. रिकामं ताट पुढं करावं तसा आवाज होता. तिनं खाली मान घातली आणि लिहिलं, 'लंका व नवसा ही एकाच स्त्रीची नावे असून...' त्यानं सही केली. कागदाच्या कोपऱ्यावर त्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला. काम झालं होतं. उद्या फॉर्म जाणार होता. मागितलेलं मिळालं होतं, आणि ते हातात धरून तिला वाटलं की कुणीतरी बाहेरून कडी घातली—आणि घालणारीचं अक्षर माझंच.

उन्हं कलली तसे दोघं पुन्हा बॉनेटमधे वाकले.

"वहिनी, आत बसता का? डिझेलच्या नळीत हवा राहिली की हे उठत नाही. मी हवा काढतो. दाब म्हटलं की पायाखालचं बटण दाबायचं, थांब म्हटलं की सोडायचं."

ती चढून बसली. डाव्या हाताची ती सीट; चाकाचा गोल अंगाला भिडला. समोर उघडं बॉनेट, त्यापलीकडं कुणीच दिसत नव्हतं, नुसते आवाज. दाब, गोरक्ष म्हणाला. तिनं दाबलं, खालून काहीतरी जड वळलं, खोकलं. थांब. पुन्हा दाब. पुन्हा खोकलं, या वेळी लांब, आणि सगळी जीप तिच्यासकट थरथरली.

"आता उठेल," रंगनाथचा आवाज. त्यात उमेद होती, कित्येक दिवसांत न ऐकलेली. "लंका, दाब!"

मान वळली नाही.

तिनं ठरवलं नव्हतं. बटण तळव्याखाली होतं, थंड, गोल. पाय जागच्या जागी होता. हाक आली ती तिला ऐकूही आली. पण रोज कुठंतरी आत पटकन उठून ओ द्यायला धावायचं ते आज उठलंच नाही.

"लंका!"

तीही ऐकत राहिली. येतं का कुणी... तो बोलावत होता, इतक्या मायेनं बोलावत होता, आणि जिला बोलावत होता ती यावी असं क्षणभर तिला मनापासून वाटलं. यावी बिचारी. आपण उठून तिला जागा करून द्यावी. पण अंगणात कुणी आलं नाही.

"झोपल्या का वहिनी?" गोरक्ष हसला.

"अगं, हाक मारतोय त्यो!" दारातून आत्याबाई.

बॉनेटच्या काठावर रंगनाथची चार काळी बोटं दिसत होती. हलत नव्हती. तो पुढं येऊन पाहत नव्हता, तिसऱ्यांदा हाकही मारत नव्हता. पत्रं थांबतील... तीच भीती. पण आज ती भीती दुसऱ्या कुणाच्या मापाची वाटत नव्हती; खांद्यावर, कमरेत, बाहीत, नीट बसत होती. समोरची बोटं थोडी आखडली, जणू तिकडं कुणीतरी दुसरं एक नाव तोंडात घेऊन पाहत होतं, किंवा नसेलही, नुसता पाना धरत असेल.

नवसानं पाय बटणावरून उचलून घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली.