पुण्यवानांनाच दिसणारा टीव्ही

रविवारची संध्याकाळ झाली की सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या गल्लीत चपलांचा ढीग पडायचा. आबासाहेबांच्या दारापासून सुरू झालेला तो ढीग थेट इमामसाबच्या सायकलच्या दुकानापर्यंत यायचा. आत दिवाणखान्यात उदबत्त्यांचा धूर, झेंडूच्या माळा, नारळांची रास, आणि मधोमध आपल्या चार लाकडी पायांवर उभा असलेला आबासाहेबांचा टीव्ही. त्याला हळदकुंकूसुद्धा लावलेलं.

ही सत्त्याहत्तर सालची गोष्ट. तेव्हा सोलापुरात टीव्ही म्हणजे नवलच. आबासाहेब कापडाचे व्यापारी, हौशी माणूस. त्यांनी पुण्याहून टीव्ही आणला, गच्चीवर लोखंडी पाइप उभा केला आणि त्यावर अँटेना चढवली. पण पुणं कुठं, सोलापूर कुठं! पडद्यावर नुसत्या मुंग्या. काळ्या-पांढऱ्या, वळवळणाऱ्या, मोजता न येणाऱ्या मुंग्या. गल्लीतले लोक त्याही कौतुकाने बघून गेले. एकजण तर म्हणाला, "मुंग्या लई झ्याक दिसत्यात, पण गोष्ट काय कळंना."

आबासाहेब कपाळाला हात लावून बसले असतानाच तेजोनाथ महाराज अवतरले. उंचेपुरे, दाढी छातीपर्यंत. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, झरोक्यातून भिंतीलगत खाली लोंबणारी अँटेनाची चपटी तार पाहिली, डोळे मिटले आणि तार मुठीत धरली. मुंग्या बाजूला झाल्या! पडद्यावर एक माणूस आला. तो गुरांच्या लाळ्या-खुरकत रोगावर बोलत होता. पण बायकांनी त्यालाच हात जोडले.

"हा खोका नव्हे," महाराज गरजले, "चित्रगुप्ताचा आरसा आहे! ही तार नव्हे, ब्रह्मसूत्र आहे! ज्याचं मन निर्मळ त्याला दर्शन. ज्याच्या पोटात पाप, त्याला मुंग्या!"

रविवारी मुलांच्या कार्यक्रमात बाहुल्यांच्या बोधकथा लागत. खरं बोलावं, चोरी करू नये, देव सगळं पाहतो, असं त्यात असे. गोष्टी चांगल्या होत्या, मलाही आवडल्या असत्या. पण महाराजांनी त्या गोष्टींची परीक्षा करून टाकली. कार्यक्रम सुरू झाला की एकेका मुलाने पुढे यायचं, तार छातीशी, हृदयापाशी धरायची आणि पडद्याकडे पाहायचं. बाहुल्या दिसल्या तर पोर गुणी. मुंग्या दिसल्या तर पापी. मोठ्या घरच्या मुलांचा मान म्हणून त्यांना उभं राहायला चांगला जाड, नक्षीचा पाट. बाकीच्यांनी जमिनीवर.

तेलाचे व्यापारी महादेवप्पा यांचा मुलगा पाटावर उभा राहिला आणि पडद्यावर राजा आला, प्रधान आला, हत्ती आला. महादेवप्पांनी जागच्या जागी नारळ फोडला. त्यानंतर आली, मी शिकवत असलेल्या तिसरीच्या वर्गातली विजयमाला. जमिनीवर उभी राहून तिने तार धरली. हत्ती गेला. राजा गेला. मुंग्याच मुंग्या.

"अरेरे!" महाराज म्हणाले. "एवढीशी पोर, आणि एवढं पाप!"

विजयमालाला आई-बाप नव्हते. तिला आजीने, दगडाबाईने, विड्या वळून वाढवलं होतं. म्हातारीने घरी जाऊन नातीला समोर बसवलं.

"सांग, काय केलंस?"

"काय न्हाय गं आज्जे."

"देव खोटं बोलंल व्हय? आठव!"

पोरगी आठवून आठवून थकली. पाप सापडेना, तेव्हा तिने नवी पापं तयार केली. शेंगाचटणी चोरून चाटली. मारुतीला पाठ करून बसले. झोपेत एकदा गुरुजींना वेडावून दाखवलं. दगडाबाईला एकही पाप पुरेसं वाटेना.

शाळेत तिच्याशेजारी कुणी बसेना. आणि शनिवारी दगडाबाई स्वतः शाळेत आली.

"गुर्जी, पोरीचं नाव काढा."

"का हो?"

"देवानं तोंड फिरवलंय तिच्याकडनं. शिकून काय करंल? माझ्याजवळ बसून विड्या वळंल. नजरंसमोर राहील."

"उद्याचा एक रविवार थांबा," मी म्हणालो.

"थांबून काय हुनार?"

"काही नाही झालं तर सोमवारी मीच नाव काढतो."

म्हातारी गेली. विजयमाला दाराशी उभी राहून रडत होती. "गुरुजी, माझं खरं पाप कुठलं?" असं तिने विचारलं, आणि माझा राग मावळून मी विचारालाच लागलो. मुलं चुकतात तेव्हा मी त्यांना सांगतो, आधी नीट बघा, मग उत्तर लिहा. आता मलाच नीट बघायला हवं होतं.

शाळा सुटताना सगळ्या वर्गांना पटांगणात थांबवून मी विचारलं, "कुणाकुणाला बाहुल्या दिसल्या?" हात वर झाले. बहुतेक पाटवाली मुलं. आणि त्यांच्यात आमचा चन्नवीर! सातवीत बसून बसून मिसरूड फुटत आलेला हा वीर त्या दिवशी माझ्याच वर्गातली चिंचांची पुडी पळवून नेताना पकडला गेला होता. कानाला माझा हात असतानाच त्याने दुसरा हात वर केला.

"तुला पाट दिला होता?"

"न्हाय गुर्जी. आमाला कोण पाट देतंय? जमिनीवरनंच दिसलं. एकदम क्लिअर!"

"आणि पुण्य काय केलंस?"

तो विचारात पडला. "गुर्जी, मलाबी तेच कळंना."

मग मी विचारलं, "मुंग्या कुणाला?" पहिली, दुसरी, तिसरीतली सगळी बुटकी चिमणी. मी चन्नवीरचा कान सोडला. मला त्याचे उपकार वाटू लागले होते.

रविवारी मीही चपला काढून गर्दीत जाऊन बसलो. महाराजांचं दर्शन, आरती, नारळ सगळं झालं. बाहुल्यांचा कार्यक्रम सुरू झाला. मी उठलो.

"महाराज, विजयमालाला पुन्हा एकदा तार धरू द्या. पण पाटावर उभी राहून."

"पाट मानाचा आहे, गुरुजी. पाप्यांसाठी नाही."

"बरं, पाट राहू द्या." मी पोरीला उचलून कडेवर घेतलं. "धर बाळ, छातीशी."

तिने डोळे घट्ट मिटून तार धरली. कुणीतरी ओरडलं, "आला! हत्ती आला!"

विजयमालाने एक डोळा उघडला. मग दुसरा.

"गुरुजींच्या पुण्याईने आला!" महाराज घाईघाईने म्हणाले.

"मग माझी पुण्याई तशीच ठेवू," मी म्हणालो आणि पोरीला कडेवर घेऊनच खाली बसलो. मुंग्या! उभा राहिलो. हत्ती! बसलो. मुंग्या! माझे गुडघे कुरकुरले, पण लोकांना हसू फुटलं.

मग चन्नवीरला मांडी घालून बसवलं. त्याला मुंग्या दिसल्या. "आठ दिवसांत पापी झालो की!" तो म्हणाला.

आबासाहेब पुढे आले. "महाराज, आता तुम्ही बसून धरा."

"आम्ही खाली बसत नाही."

"आत्ता आरतीला बसला होता की!"

"बसा की महाराज!" सगळी गल्ली ओरडली.

महाराज बसले. तार धरली. मुंग्यांनी पडदा भरून गेला. ते चिडून पुटपुटले, "अँटेनाला जोर वाढवायचा बूस्टर बसवा म्हणून पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"चित्रगुप्ताला बूस्टर लागतो?" इमामसाबने दारातून विचारलं. हशा थांबेना.

मी इमामसाबकडून सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद मागून घेतला आणि तारेभोवती गुंडाळला. खाली सरकवला, तर मुंग्या. हळूहळू वर नेला, तर राजा, प्रधान, हत्ती, सगळा दरबार हजर. हात कुणाचाच नाही.

"मंडळी, पुण्याहून येणाऱ्या लहरी इथवर येईतो अगदी क्षीण होतात. या चपट्या तारेला कुठं हात लागतो किंवा कागद लागतो, त्यावर चित्र सुधारतं किंवा बिघडतं. वरच्या बाजूला लागला तर सुधारतं, खाली लागला तर बिघडतं. महाराज उंच, चन्नवीर उंच, पाटावरची मुलं उंच. या कागदाने कुठलं पुण्य केलं होतं, सांगा बरं?"

"पाकिटात राहून धूर सोसला," इमामसाब म्हणाला.

महाराज गर्दीतून दाराकडे सरकले. त्यांना आपली खडावांची जोडी ढिगात सापडेना. शेवटी अनवाणीच गेले.

लोक पांगले. दगडाबाई तेवढी भिंतीला टेकून बसून राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी पदराने टिपलं जाईना.

"गुर्जी, मग पोर चांगली हाय का वाईट, ते कळायचं कसं?"

"तुम्ही तिला सात-आठ वर्षं वाढवलंत, मावशी. तुम्हाला ठाऊक नसेल तर या डब्याला कसं ठाऊक असणार?"

म्हातारीने नातीला जवळ ओढलं. "माझी बाय गुणाची हाय," ती भांडल्यासारखी म्हणाली, जणू कुणी नाही म्हणत होतं. सोमवारी तिने पोरीची वेणी घालून, पाटी हातात देऊन तिला शाळेच्या दारापर्यंत पोचवलं.

बाहुल्यांच्या गोष्टी मुलांना जरूर दाखवा. खरं बोलणं त्यांतून शिकता येतं. पण पोराचं मन जोखायचं काम कुठल्या पडद्याला, तारेला किंवा दाढीवाल्याला देऊ नका. कुणी चमत्कार दाखवला तर आधी उभं राहून बघा, मग बसून बघा. आणि तेवढ्या वेळात, कृपा करून, एखाद्या लहान मुलाला पापी म्हणू नका.