सात मीटर की पंधरा

बदलीच्या नोकरीवाल्याशी लग्न केलं की घरात काहीही मापाचं येत नाही. आमचे पडदे कायम खाली वीतभर दुमडलेले, कारण पुढच्या क्वार्टरच्या खिडक्या कोण जाणे केवढ्या. यंदा मात्र भोपाळला बिट्टन मार्केटजवळ आम्ही स्वतःचा फ्लॅट घेतला, माझी शाळेतली नोकरी कायम झाली, आणि मी ती जास्तीची कापडं कापून टाकली. "आता बस्स झाल्या बदल्या," असं माझा नवरा सत्यजित स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता.

म्हणून जवाहर चौकातल्या दुकानात मी खुशीत होते. नवे स्पीकर घरी येऊन पडले होते, फक्त वायर घ्यायची होती. ॲम्प्लिफायरपासून एक स्पीकर तीन मीटरवर, दुसरा दाराला वळसा घालून सातवर.

"दोनों सात-सात ले लो, सर," दुकानदार म्हणाला. "लंबाई बराबर रखते हैं."

"पंद्रह-पंद्रह दीजिए," सत्यजित म्हणाला.

दुकानदारानं रीळ काउंटरवर ठेवलं.

"पंद्रह में मोटा तार लगेगा. इतना बड़ा हॉल है?"

"जास्त असलेली बरी," सत्यजित मला म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

"आपल्या हॉलमध्ये एवढी वायर सोडली तर पाहुणे पाय अडकून पडतील. पंधरा कुठून आले?"

"अंदाजे."

हा माणूस इंजिनिअर आहे. चहात साखरसुद्धा अंदाजे घालत नाही.

"कुठला हॉल मोजलास, सत्यजित?"

तो वायरचं रीळ चाचपत राहिला. "बडोद्याचा," शेवटी म्हणाला. "क्वार्टरचा नकाशा आलाय. बढती आहे गं. दिवाळीनंतर जायचंय. सांगणारच होतो."

"त्यांना 'हो' कधी म्हणालास?"

"मागच्या महिन्यात."

मागच्या महिन्यात आम्ही दोघं मिळून भिंतींचे रंग निवडत होतो! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"भैया, सात-सात काटिए."

दुकानदारानं सत्यजितकडे पाहिलं. अशा वेळी सगळे नवऱ्याकडेच बघतात.

"मंजूषा, एकदा कापली की कापली. तिकडे पुरणार नाही."

"मी तिकडे येणार नाही."

बोलून गेले, आणि मग कळलं की हे खरंच आहे. त्यालाही कळलं असावं. तो भांडेल, निदान 'घरी जाऊन बोलू' म्हणेल, म्हणून मी थांबले. देवाशपथ, वाट बघत थांबले.

"सात-सात काट दीजिए," तो हळूच म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. मग तो म्हणाला, "और पंद्रह-पंद्रह अलग से."

"दो जगह लगाना है, सर?"

"हाँ."

दुपारपासून त्यानं दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर. दुकानदारानं पक्कड उचलली. थांबा म्हणावं असं मला फार वाटलं, पण मी पर्स उघडून सात-सातचे पैसे मोजायला लागले.